जलशाचे पहिले गाणे

गाण्याच्या जलशाला लोक धावतपळत येतात ते पहिले गाणे चुकू नये म्हणून. परंतु घरी परतताना त्यांच्या ओठांवर असते ते शेवटचे. पहिल्या गाण्याच्या वाट्याला ही थोडीशी उपेक्षा नेहमीच येते. तथापि ज्यांना तो जलसा पार पाडावयाचा असतो, त्यांच्या दृष्टीने पहिल्या गाण्याइतका विचार दुसऱ्या कोणत्याही गाण्यास लागत नाही. नवख्या गायकापुढे हा प्रश्न फारसा बिकट नसतो. त्याच्यापाशी गाणी असतात दहाबारा, त्यांतील जे बरे बसले असेल त्याने तो आरंभ करतो. पण ज्यांच्या गाठीशी साठ वर्षांची गाणी आहेत आणि ज्यांच्यासमोर तीन पिढ्यांचे श्रोते बसलेले आहेत, त्यांनी आरंभ कशाने करावा? आज ह्याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करू, आणि त्यासाठी उदाहरण घेऊ ते इंग्लंडमधील ‘रोलिंग स्टोन्स’ ह्या रॉक संगीताच्या संचाचे.

ह्या संचाचा पहिला जलसा लंडनच्या मार्की क्लबमध्ये १२ जुलै १९६२ रोजी झाला. मिक जॅगर हे गायक आणि कीथ रिचर्ड्स हे गिटारवादक ही जोडी तेव्हापासून आजतागायत टिकून आहे. रॉनी वुड हे दुसरे गिटारवादक १९७५ मध्ये त्यांना येऊन मिळाले. २०२४ साली ह्या मंडळींनी अमेरिकेचा दौरा केला, त्या वेळी जॅगर आणि रिचर्ड्स ह्या दोघांनीही वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केलेली होती. इतका दीर्घ काळ एकच व्यवसाय करणाऱ्या माणसांनी दर दौऱ्याच्या आरंभी कोणते गाणे निवडले, हे क्रमाने पाहिले म्हणजे निवडीमागची कारणे आपोआप उलगडू लागतात.

आपल्या कानांना सवय आहे ती निराळ्या आरंभाची. ख्यालगायक विलंबित लयीत स्वर लावतो, राग हळूहळू उभा करतो, आणि श्रोता त्याच्यासमवेत एकेक पायरी चढत जातो. संगीत नाटकास नांदी असते, तमाशास गण असतो. तेथे काय गावयाचे हे बहुतांशी परंपरेनेच ठरवून ठेवलेले असते. रॉक संगीताच्या जलशास अशी परंपरा नाही. पन्नास हजार माणसे उघड्या मैदानात उभी आहेत, दिवे एकाएकी मालवले आहेत, आणि आता पुढच्या दोनतीन क्षणांत काहीतरी घडलेच पाहिजे. तेथे हळूहळू चढत जाण्यास सवड नाही. आणि आधार द्यावयास रूढीही नाही. म्हणून दर वेळी निवड नव्याने करावी लागते.

ह्या निवडीचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. ते ध्वनीचे. दुपारी मैदान रिकामे असताना वाद्ये आणि ध्वनिवर्धक तपासून ठेवलेले असतात खरे. पण रात्री माणसांनी भरलेले मैदान हे ध्वनीच्या दृष्टीने दुसरेच मैदान असते. माणसांची शरीरे आणि कपडे ध्वनी शोषून घेतात. शिवाय ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे रंगमंचापासून शंभर मीटर दूर उभ्या असलेल्या माणसास तेथला आवाज जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. त्यासाठी मैदानात मध्ये मध्ये ध्वनिवर्धकांचे मनोरे उभारून त्यांचा आवाज तेवढाच मागे ठेवावा लागतो. ध्वनियंत्रणेवर बसलेला तंत्रज्ञ हे सारे अखेरचे जुळवून घेतो ते पहिले गाणे चालू असतानाच. तेव्हा पहिले गाणे असे हवे की, ज्यात थोडी खरखर, थोडा कमीअधिकपणा खपून जाईल. नाजूक, शब्दप्रधान, सुरांच्या बारीक कलाकुसरीचे गाणे येथे ठेवले, तर ते बिचारे हकनाक बळी जाते.

‘स्टार्ट मी अप’ हे १९८१ सालचे गाणे घ्या. ते सुरू होते केवळ एका गिटारने. रिचर्ड्स आपल्या गिटारच्या सहा तारांपैकी एक तार काढून टाकतात आणि उरलेल्या पाच तारा अशा जुळवतात की, नुसत्या छेडल्या तरी त्यांतून भरदार स्वरसंगती उमटावी. त्या पाच तारांवरचा एक लहानसा तुकडा प्रथम एकटाच ऐकू येतो. मागून ड्रम येतात, मग इतर वाद्ये, आणि त्यानंतर गायक. वादकांना एकमेकांत मिसळून जाण्यास अवधी मिळतो. आणि तंत्रज्ञाला एकेक वाद्य सुटे ऐकून त्याची मात्रा ठरवता येते. गायकालाही त्यात सोय आहे. ओळी तुटक आहेत, लांब स्वर धरून ठेवावयाचा नाही. गळा हळूहळू तापत जातो. ह्या संचाच्या अनेक जलशांचा आरंभ ह्या एका गाण्याने व्हावा, ह्यात आश्चर्य नाही.

दुसरे कारण ओळखीचे. मोठ्या मैदानातील शेवटच्या रांगेतल्या माणसाला गायकाचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो पडद्यावरचा चेहरा. त्याला जलशात ओढून घ्यावयाचे ते कानाच्या वाटेने. गिटारचे पहिले चार स्वर ऐकताच ‘हे तेच!’ असे त्याच्या मनाने म्हटले की काम झाले. १९६८ सालचे ‘जंपिन जॅक फ्लॅश’ हे अशा तत्काळ ओळखीचे गाणे होय. १९६९ च्या शरद ऋतूतील अमेरिकेच्या दौऱ्यात आरंभी तेच होते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी ब्राझीलमधील कोपाकबाना समुद्रकिनाऱ्यावर ह्या संचाने विनामूल्य जलसा केला, त्यास दहा लाखांहून अधिक लोक जमल्याचा अंदाज आहे. तेथेही पहिले गाणे तेच. २५ मार्च २०१६ रोजी क्यूबाची राजधानी हवाना येथे ते गेले. ज्या देशात एके काळी रॉक संगीताकडे राज्यकर्ते नाखुशीने पाहत, तेथील लोकांपुढे ते प्रथमच उभे राहत होते, आणि तेथेही आरंभ त्याच गाण्याने झाला. ह्यात एक मर्म आहे. पाहुणा ज्या घरी प्रथमच जातो, तेथे तो आधी आपली ओळख देतो. चमत्कृती दाखवावयाची ती मागाहून. आपल्या देशात हा संच प्रथम आला तो एप्रिल २००३ मध्ये. बंगळूरचा जलसा आटोपून ७ एप्रिल रोजी ते मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर गायले. तबकड्या आणि नभोवाणी ह्यांवर त्यांना वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या श्रोत्यांची आणि त्यांची ती पहिली समोरासमोरची भेट होती.

परंतु सोय आणि ओळख एवढ्याच दोन गोष्टी असत्या, तर एकच गाणे कायमचे ठरवून टाकता आले असते. तसे झालेले नाही. कारण पहिले गाणे हे एक प्रकारचे निवेदनही असते. ‘आज आम्ही कोण आहोत’ ह्या प्रश्नाचे ते उत्तर असते, आणि हे उत्तर काळाप्रमाणे बदलते.

१९७८ साली इंग्लंडात ‘पंक’ नावाची नवी, राकट लाट उसळली होती, आणि जुन्या संचांना तरुण मंडळी हसू लागली होती. त्या वर्षी स्टोन्सनी ‘सम गर्ल्स’ ही नवी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली आणि तिच्यातील गाणी जलशाच्या मध्यभागी सलग म्हटली. पण आरंभ मात्र त्यांनी स्वतःच्या गाण्याने केलाच नाही. तो केला चक बेरी ह्या अमेरिकन गायकाच्या ‘लेट इट रॉक’ ह्या गाण्याने. १९६१ साली जॅगर आणि रिचर्ड्स हे बाळपणीचे सोबती डार्टफर्डच्या रेल्वे स्थानकावर पुन्हा भेटले, ते जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स ह्यांच्या तबकड्या होत्या म्हणून. ही हकीकत ध्यानी घेतली म्हणजे १९७८ च्या त्या निवडीचा अर्थ स्पष्ट होतो. तुमच्या राकटपणाचे मूळ जेथे आहे तेथूनच आम्ही निघालो, असे ते न बोलता सांगणे होते.

१९८२ नंतर सात वर्षे हा संच दौऱ्यावर निघालाच नाही. जॅगर आणि रिचर्ड्स ह्यांचे बिनसले होते, आणि ते लपूनही राहिले नव्हते. ३१ ऑगस्ट १९८९ रोजी फिलाडेल्फिया येथे ते पुन्हा एकत्र उभे राहिले तेव्हा पहिले गाणे होते ‘स्टार्ट मी अप’. बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू करा, असाच त्या नावाचा भाव आहे. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, संचातील जुने वादक बिल वायमन निघून गेलेले होते आणि उरलेल्यांच्या वयावर वृत्तपत्रांतून कोट्या होऊ लागल्या होत्या. त्या दौऱ्याचा आरंभ त्यांनी केला ‘नॉट फेड अवे’ ह्या गाण्याने. मुळात हे बडी हॉली ह्यांचे १९५७ सालचे गाणे. स्टोन्सनी ते १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. विरून न जाण्याची गोष्ट त्याच्या नावातच आहे. टीकाकारांना लेखी उत्तर देण्यापेक्षा हे उत्तर निश्चितच खुमासदार होते.

कधी कधी क्रम उलटा करण्यातही धिटाई असते. १९६५ चे ‘सॅटिस्फॅक्शन’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे. त्याची जागा सामान्यतः अगदी अखेरीस. १९९७ च्या दौऱ्यात त्यांनी ते प्रथमच म्हणून टाकले. पंगतीत बसल्याबरोबर पक्वान्न वाढावे तसा हा प्रकार! ह्याने श्रोता चकित होतो खरा; पण मग पुढील दोन तास त्याला काय द्यावयाचे, ही जबाबदारी वाढते. २०१२ साली संचास पन्नास वर्षे झाली, तेव्हा लंडनच्या पहिल्या जलशात त्यांनी ‘आय वॉना बी युवर मॅन’ ह्या गाण्याने सुरुवात केली. १९६३ मधील त्यांची ही दुसरी तबकडी, आणि गाणे लिहिलेले बीटल्समधील लेनन आणि मॅकार्टनी ह्यांनी. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी स्वतःच्या वैभवाचे गाणे बाजूस ठेवून दुसऱ्याने दिलेल्या गाण्याची आठवण करणे, ह्यात एक प्रकारचा विनय आहे.

आरंभालाही कधी एक प्रस्तावना असते. १९७५ च्या दौऱ्यात कलाकार दिसण्यापूर्वी आरन कोपलंड ह्यांचे सामान्य माणसाच्या गौरवार्थ रचलेले तुतारीवादन ऐकवले जाई, आणि मग ‘होंकी टाँक वुमेन’. १९८१ मध्ये ड्यूक एलिंग्टन ह्यांच्या वाद्यवृंदाची ‘टेक द ए ट्रेन’ ही जॅझची रचना ध्वनिवर्धकावरून वाजे, आणि तिच्या पाठोपाठ ‘अंडर माय थम’. प्रस्तावना जितकी भारदस्त, तितके तिच्या मागून येणारे पहिले गाणे अधिक मोकळे आणि झणझणीत वाटते. पांढऱ्या भिंतीवर गडद रंग उठून दिसावा, तसेच हे.

आता सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. घरात मृत्यू झाला असता कोणते गाणे म्हणावे? ह्या संचावर ही वेळ दोनदा आली. ३ जुलै १९६९ रोजी संस्थापकांपैकी एक, ब्रायन जोन्स, ह्यांचा मृत्यू झाला. आणि अवघ्या दोन दिवसांनी, ५ जुलै रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांचा विनामूल्य जलसा आधीच ठरलेला होता. जॅगर ह्यांनी प्रथम शेली ह्या कवीच्या ‘अडोनेस’ ह्या शोककाव्यातील काही भाग वाचला, फुलपाखरे सोडण्यात आली, आणि मग वादन सुरू झाले ते जॉनी विंटर ह्यांच्या एका ब्लूज गाण्याने, जे समोरच्या लाखो श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. संचाने दोन वर्षांत नियमित दौरा केलेला नव्हता आणि नवा गिटारवादक मिक टेलर त्या दिवशी प्रथमच उभा होता. वाद्ये नीट जुळलेली नव्हती, अशी तक्रार पुढे पुष्कळांनी केली. भावना खरी होती. पण ओळखीचा आधार श्रोत्यांनाही नव्हता आणि वादकांनाही नव्हता. चारच महिन्यांनी अमेरिकेत ते उभे राहिले तेव्हा पहिले गाणे ‘जंपिन जॅक फ्लॅश’ झाले, हे मघाशी सांगितलेच आहे.

दुसरा प्रसंग २०२१ चा. २४ ऑगस्ट रोजी चार्ली वॉट्स गेले. १९६३ पासून संचाचा ताल त्यांच्या हाती होता. २६ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे दौरा सुरू झाला, तेव्हा प्रथम रंगमंच रिकामाच ठेवण्यात आला. पडद्यावर वॉट्स ह्यांची चित्रे येत राहिली आणि ऐकू येत होता तो केवळ ड्रमचा ताल. त्यानंतर ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ हे १९६८ सालचे जोरकस गाणे सुरू झाले. ड्रमवर होते स्टीव्ह जॉर्डन. आरंभीच्या गाण्यांनंतर जॅगर ह्यांनी वॉट्स ह्यांचे स्मरण करून तो दौरा त्यांना अर्पण केला. शोकासाठी एक मोकळी जागा आधी करून द्यावयाची, आणि मग काम सुरू करावयाचे ते नेहमीच्याच हाताने, ही त्या रात्रीची रचना. १९६९ आणि २०२१ ह्या दोन आरंभांमध्ये बावन्न वर्षांचे शहाणपण आहे.

काळ आणखी एका रीतीने निवडीत हात घालतो. ‘ब्राऊन शुगर’ हे १९७१ साली प्रसिद्ध झालेले गाणे १९७२ आणि १९७३ च्या दौऱ्यांत आरंभीचे गाणे होते. पहिल्या गाण्यास जे जे गुण हवेत ते सारे त्याच्या चालीत आहेत. परंतु त्याच्या शब्दांत अमेरिकेतील गुलामगिरीचे, गुलाम स्त्रियांवरील अत्याचाराचे चित्र आहे आणि ते नाचऱ्या तालावर मांडलेले आहे. २०२१ च्या दौऱ्यातून हे गाणे त्यांनी वगळले. गुलामगिरीच्या क्रौर्याविषयीच ते आहे हे लोकांना कळत नाही काय, असे रिचर्ड्स ह्यांनी विचारले आणि ते कधीतरी परत येईल अशी आशाही बोलून दाखवली. जॅगर ह्यांनी तूर्त ते बाजूस ठेवून पाहू, एवढेच सांगितले. दोघांच्या म्हणण्यात अर्थ आहे. पण पहिल्या गाण्यापुरते म्हणावयाचे तर, ज्या गाण्याचा खुलासा करावा लागतो ते आरंभी चालत नाही. आरंभीच्या गाण्याला खुलासा करण्यास वेळच नसतो.

ही निवड करतो तरी कोण? अखेरचा शब्द जॅगर ह्यांचा. परंतु त्यांच्या हाताशी चक लेव्हेल हे पियानोवादक असतात. १९८२ पासून ते ह्या संचासमवेत वाजवीत आले आहेत, आणि प्रत्येक गाण्याची स्वरपट्टी, लय आणि बांधणी ह्यांच्या नोंदी त्यांनी मोठ्या वह्यांतून जपून ठेवल्या आहेत. त्या गावी मागच्या खेपेस काय म्हटले होते हे पाहून ते एक यादी सुचवितात, आणि जॅगर तिच्यात फेरफार करतात. तालमीच्या वेळी शंभरावर गाणी घोटली जातात. रॉनी वुड हे चित्रकारही असल्यामुळे त्या याद्या मोठ्या फलकांवर रंगांनी लिहून काढतात. श्रोत्यांनाही अलीकडे थोडा अधिकार मिळाला आहे. १९९७ पासून काही दौऱ्यांत इंटरनेटवरून त्यांचा कौल घेण्यात आला. मात्र तो कौल मधल्या एखाद्या गाण्यापुरता. पहिल्या गाण्याची चावी घरमालकाने आपल्याच कमरेला ठेवली आहे.

ते योग्यही आहे. कारण पहिले गाणे एकटे नसते. पुढील दोन तासांची सारी चढउतार त्याच्यावर अवलंबून असते. प्रथम दोनतीन वेगवान गाणी, मग एखादे संथ. मध्यावर रिचर्ड्स स्वतः दोन गाणी म्हणतात आणि तेवढ्यात जॅगर विसावा घेतात. त्यानंतर पुन्हा चढण. ऐंशीव्या वर्षी धावत रंगमंचावर यावयाचे आणि दोन तासांनंतरही गळा शिल्लक ठेवावयाचा, तर पहिल्याच गाण्यात सारे बळ खर्चून भागत नाही. नवी गाणी ह्या चढणीच्या वाटेवर मध्ये पेरलेली असतात. २०२३ च्या ‘हॅकनी डायमंड्स’ ह्या ध्वनिमुद्रिकेच्या नावाने २०२४ चा दौरा निघाला, तरी २८ एप्रिल रोजी ह्यूस्टन येथे पहिले गाणे होते ते जुनेच, ‘स्टार्ट मी अप’. आधी विश्वास, मग नवे सांगणे, हा क्रम त्यांनी मोडला नाही.

जुन्या संचाला खरे भय असते ते हेच की, तो आपल्याच पुतळ्यासारखा होऊन बसेल. सारेच जुने म्हटले तर पुतळा होतो. सारेच नवे म्हटले तर ज्यांनी आयुष्यभर प्रेम केले ते श्रोते रिकाम्या हाताने परत जातात. ह्या दोहोंमधली वाट दर रात्री नव्याने शोधावी लागते, आणि तिचा पहिला पाय म्हणजे पहिले गाणे. म्हणून ते सर्वांत उत्तम गाणे असावेच असे नाही. त्या रात्री, त्या गावी, त्या माणसांनी त्या वयात जे खरेपणाने म्हणता येईल, ते पहिले गाणे. पुढे कधी कोणत्याही जलशाला जाण्याचा योग आला, तर श्रोतेहो, शेवटच्या गाण्याइतकेच लक्ष पहिल्याकडेही द्यावे; गायकाने आपला सारा हिशेब बहुधा तेथेच मांडलेला असतो.